नवारातली निळी बाळे: कालच्या प्युरीचे प्रकरण

स्पेनच्या उत्तर टोकाला, पिरेनीज डोंगरांना लागून नवारा नावाचा प्रांत आहे. पाम्प्लोना ही त्याची राजधानी. १९८७ ते २०१० या काळात या एका प्रांतात ७८ बाळांना आहारातून मेथेमोग्लोबिनेमिया (रक्तातल्या हिमोग्लोबिनचे ऑक्सिजन न उचलणारे मेथेमोग्लोबिन होणे, ज्याने बाळ निळे पडते) झाल्याचे तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी नोंदवले आणि २०१३ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. ही सगळी बाळे वरचे अन्न नुकते सुरू झालेली होती, आणि सगळ्यांच्या पोटात गेली होती ती घरी शिजवून, वाटून केलेली भाज्यांची प्युरी. त्यातही एका पालेभाजीचे नाव पुन्हा पुन्हा येत होते. ती म्हणजे स्विस चार्ड, बीटच्या कुळातली, रुंद पानांची आणि जाड देठांची भाजी.

एखादी भाजी वाईट ठरवून तिच्यावर काट मारली की प्रकरण मिटले असे वाटते. इथे मात्र आकडे नीट वाचले तर भाजीचा नंबर दुसरा लागतो. पहिला नंबर आहे भाजी शिजल्यापासून ती बाळाच्या तोंडात जाईपर्यंतच्या तासांचा. हे प्रकरण त्यासाठीच तपशिलात पाहण्यासारखे आहे, आणि महाराष्ट्रातल्या घरांशी त्याचा संबंध वाटतो त्यापेक्षा बराच जवळचा आहे.

दवाखान्यात काय दिसते

चित्र साधारण असे असते. सात-आठ महिन्यांचे बाळ दुपारी प्युरी खाते. तासा-दोन तासांत आईला किंवा आजीला ओठांचा रंग वेगळा वाटू लागतो. तो निळा असतो, पण थंडीने काकडल्यावरचा निळा नसतो, त्यात करडी-तपकिरी झाक असते. नखे आणि कानाच्या पाळ्याही तशाच. बाळ थोडे किरकिरते, कधी उलटी करते, कधी नुसते मलूल पडते. बऱ्याचदा ते चक्क खेळतही असते. इतके निळे बाळ इतके बरे कसे दिसते, हीच पहिली खूण.

हृदयाचे ठोके किंचित वाढलेले, छाती स्वच्छ, ताप नाही. ऑक्सिजन लावला तरी रंग हलत नाही, ही दुसरी खूण. फुप्फुसाच्या आजारात ऑक्सिजनने थोडा तरी फरक पडतो. इथे पडत नाही, कारण हवा रक्तापर्यंत व्यवस्थित पोचते आहे. रक्तातल्या काही हिमोग्लोबिनला ती उचलताच येत नाही.

बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर इथे हमखास दिशाभूल करतो. तो ६६० आणि ९४० नॅनोमीटर अशा दोन तरंगलांबींचा प्रकाश टाकतो आणि दोन्हींच्या शोषणाच्या गुणोत्तरावरून टक्केवारी काढतो. मेथेमोग्लोबिन या दोन्ही तरंगलांबी जवळपास सारख्याच शोषते. त्यामुळे गुणोत्तर एकाकडे सरकते आणि यंत्राच्या कोष्टकात एक म्हणजे ८५ टक्के. मेथेमोग्लोबिन वाढत गेले की रीडिंग ८५ च्या आसपास येऊन अडकते आणि मग प्रत्यक्षात प्रमाण ३५ टक्के असो वा ५५, पडद्यावर तेच दिसते. दुसऱ्या बाजूला धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजनचा दाब अगदी नॉर्मल येतो. कागदावर दाब चांगला आणि बोटावर टक्केवारी खराब, ही तफावत दिसली की मेथेमोग्लोबिनचा विचार पहिला यायला हवा.

खात्रीची तपासणी को-ऑक्सिमेट्री. ती अनेक तरंगलांबी वापरते आणि मेथेमोग्लोबिनचा टक्का थेट सांगते. ती सोय नसेल तर एक साधी चाचणी आहे: पांढऱ्या फिल्टर पेपरवर बाळाच्या रक्ताचा एक थेंब आणि शेजारी निरोगी माणसाच्या रक्ताचा एक थेंब टाकायचा. ऑक्सिजन कमी असलेले साधे गडद रक्त हवेत काही वेळातच लाल होते. मेथेमोग्लोबिन असलेले रक्त चॉकलेटी असते ते चॉकलेटीच राहते.

नॉर्मल माणसात मेथेमोग्लोबिन एक-दोन टक्क्यांच्या आत असते. १०० मिलिलिटर रक्तात ते सुमारे दीड ग्रॅम झाले की त्वचा निळी दिसू लागते. बाळाचे हिमोग्लोबिन ११ धरले तर हे प्रमाण १३-१४ टक्के होते. साध्या ऑक्सिजनच्या कमतरतेत असा रंग दिसायला सुमारे पाच ग्रॅम लागतात. म्हणजे रंग लवकर दिसतो, बाकीचा त्रास मागून येतो. टक्का २०-३० च्या पुढे गेला की धाप आणि सुस्ती, ५० च्या पुढे झटके, हृदयाची अनियमित लय, बेशुद्धी; ७० च्या पुढे जीव वाचणे अवघड. हे आकडे रक्त पुरेसे असलेल्या शरीरासाठी आहेत. ज्या बाळाचे हिमोग्लोबिन मुळात आठ आहे त्याला २५ टक्केसुद्धा जड जातात.

वाटीतला हिशेब

वनस्पती मातीतून नायट्रोजन घेतात तो मुख्यत्वे नायट्रेटच्या रूपात. पानात त्यापासून प्रथिने बनतात आणि या कामाला ऊन लागते. ऊन कमी आणि मातीत नायट्रोजन भरपूर असेल तर नायट्रेट वापरले न जाता पेशींच्या पोकळीत साठून राहते. पालक, चार्ड, लेट्यूस, रॉकेट (अरुगुला), माठ, राजगिरा, चाकवत, मुळ्याचा पाला या भाज्या साठवणाऱ्या गटात येतात. रॉकेटमध्ये किलोमागे चार-पाच हजार मिलिग्रॅम नायट्रेट सहज आढळते. पालकाची सरासरी हजाराच्या आसपास आहे, पण एकेक जुडी तीन हजारांच्या पुढेही जाते. बटाट्यात दोनशेच्या आतबाहेर.

नायट्रेट स्वतः फारसे उपद्रवी नाही. घातक आहे ते नायट्राइट, म्हणजे नायट्रेटमधला एक ऑक्सिजन कमी झालेले रूप. ते हिमोग्लोबिनमधल्या लोहाला फेरसवरून फेरिक अवस्थेत नेते आणि फेरिक लोहाला ऑक्सिजन धरता येत नाही. शिवाय त्याच रेणूतले उरलेले चांगले लोह ऑक्सिजन अधिक घट्ट धरून बसते, पेशींना सोडत नाही. दुहेरी नुकसान.

आता आठ किलोच्या बाळाची एक वाटी घेऊ. प्युरी २०० ग्रॅम, त्यात चार्ड ८० ग्रॅम. चार्डमध्ये किलोमागे ३००० मिलिग्रॅम नायट्रेट धरले आणि उकडलेले पाणी वाटणातच घेतले, तर वाटीत २४० मिलिग्रॅम नायट्रेट आले. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न-कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने ठरवलेली रोजची मान्य मर्यादा वजनाच्या किलोमागे ३.७ मिलिग्रॅम आहे, म्हणजे या बाळासाठी सुमारे ३०. वाटी आठपट भरली. तरीही ताजी खाल्ली तर बाळ सहसा निळे पडत नाही, कारण मर्यादा आयुष्यभर रोज खाण्यासाठी असते आणि पोटात गेलेल्या नायट्रेटचा थोडाच भाग नायट्राइट होतो.

हीच प्युरी दीड दिवस बाहेर किंवा धड थंड न होणाऱ्या फ्रिजमध्ये राहिली आणि जिवाणूंनी त्यातले पाव भाग नायट्रेट बदलले असे समजू. ६० मिलिग्रॅम नायट्रेटपासून सुमारे ४४ मिलिग्रॅम नायट्राइट तयार होते. नायट्राइटची मान्य मर्यादा किलोमागे ०.०७ मिलिग्रॅम, या बाळासाठी अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा किंचित जास्त. वाटीत त्याच्या सुमारे ऐंशीपट आहे. बाळाच्या अंगात रक्त साधारण ६४० मिलिलिटर, त्यात हिमोग्लोबिन ७० ग्रॅम. नायट्राइटचा एक रेणू ढोबळमानाने एका लोहाला बिघडवतो. या हिशेबाने १५-१६ ग्रॅम हिमोग्लोबिन बाद होते, म्हणजे २२ टक्के. निळे ओठ इथेच दिसतात.

हे गणित उलट्या बाजूनेही वाचावे. वाटीतले दोन-तीन टक्केच नायट्रेट बदलले असते तर मेथेमोग्लोबिन दोन टक्क्यांनी वाढले असते आणि कोणाला कळलेही नसते. म्हणून पालकाचा एक चमचा खाऊन बाळ निळे पडते ही भीती व्यर्थ आहे. त्यासाठी नायट्रेटचा भरपूर साठा आणि जिवाणूंना मोकळा वेळ, दोन्ही लागतात.

जिवाणू येतात कुठून, भाजी तर उकळली होती? उकळल्याने पानातले विकर (एन्झाइम) आणि बहुतेक जिवाणू मरतात, हे खरे. नंतर ते परत येतात ते मिक्सरच्या भांड्यातून, चाळणीतून, चमच्यातून. मिक्सरच्या पात्याखालच्या वॉशरला कडेने नख लावून पाहा: आदल्या वाटणाचा हिरवट-पिवळा थर निघतो. तेवढे विरजण पुरते. वाटलेल्या भाजीत पेशी फुटलेल्या असतात, साखर आणि नायट्रेट मोकळे झालेले असते, ओलावा भरपूर आणि आंबटपणा कमी. जिवाणूंना ऑक्सिजन अपुरा पडला की ते श्वसनासाठी नायट्रेट वापरतात, आणि भांड्याच्या तळाशी घट्ट बसलेल्या प्युरीत ऑक्सिजन कमीच असतो. फ्रिजमध्ये हे काम मंदावते, थांबत नाही. थंडीत वाढणारे जिवाणूही आहेत. उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये मात्र थांबते.

दोन गोष्टींनी घरोघरी फसगत होते. नायट्राइटला वास नाही, आणि प्युरी आंबूस लागण्याच्या आधीच ते चढलेले असू शकते. आणि पुन्हा उकळल्याने जिवाणू मरतात, नायट्राइट जात नाही. ते क्षार आहे, शंभर अंशांना त्याला काही होत नाही.

तुलनेत काय निघाले

नवारातल्या डॉक्टरांनी आजारी बाळांची निरोगी बाळांशी तुलना केली. ताज्या प्युरीच्या मानाने, २४ ते ४८ तास आधी केलेल्या प्युरीत धोक्याचे गुणोत्तर सुमारे १७ आले, ४८ तासांपेक्षा जुन्या प्युरीत सुमारे २५. प्युरीत चार्ड असण्याचे गुणोत्तर सुमारे ५. संख्या लहान असल्याने या आकड्यांच्या दोन्ही बाजूंना मोठी सैल जागा आहे; १७ म्हणजे मोजून सतरापट असे कोणी धरू नये. पण क्रम पुरेसा स्पष्ट आहे.

आणखी एक घटक निघाला आणि तो अडचणीचा आहे: अंगावरचे दूध पिणाऱ्या बाळांत हे जास्त दिसले, गुणोत्तर सुमारे १०. याचा अर्थ दुधाने आजार होतो असा नाही. आईच्या दुधात नायट्रेट-नायट्राइट अगदी कमी असते. ज्या घरात बाळ अंगावर पिते तिथे वरचे अन्नही घरीच शिजते, अशा प्रकारची कारणे असू शकतात. अशा अभ्यासातून संबंध कळतो, कारण कळत नाही. हा आकडा ऐकून कोणी स्तनपान सोडले तर नफ्याऐवजी निव्वळ तोटा होईल.

बाळांचे वय माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत बोलका तपशील आहे. नायट्रेटमुळे निळ्या पडलेल्या बाळांचे पहिले गाजलेले वर्णन अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले, १९४५ चे, हंटर कॉम्ली या डॉक्टरांचे. तिथे तान्ह्या बाळांना विहिरीच्या पाण्यात दूध-पावडर कालवून दिली जात होती. त्या वयात मेथेमोग्लोबिन परत दुरुस्त करणारे विकर मोठ्यांच्या निम्म्याच्या आसपास असते, गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन अजून रक्तात असते आणि ते लवकर बिघडते, जठरातले आम्ल कमी असल्याने जिवाणू वरच्या आतड्यापर्यंत चढतात. पाण्यातले नायट्रेट पोटातच नायट्राइट होते. सहा महिन्यांच्या पुढे हे विकर हळूहळू मोठ्यांच्या पातळीकडे जाते. नवारातली बाळे या पुढच्या वयातली होती. त्यांच्या बाबतीत शरीराच्या कच्चेपणाने सगळे उलगडत नाही. नायट्राइट वाटीतूनच तयार होऊन आले होते असे मानले की उलगडते, आणि शिळेपणाचा आकडा त्याच्याशी जुळतो.

उपचार

टक्का कमी आणि बाळ हुशार असेल तर ऑक्सिजन लावून, लक्ष ठेवून थांबायचे. शरीर स्वतःच हिमोग्लोबिन दुरुस्त करते आणि बहुतेकांचा रंग काही तासांत, फार तर एका दिवसात परत येतो. २० च्या पुढे टक्का आणि लक्षणे असतील, किंवा लक्षणे नसली तरी ३० च्या पुढे असेल, तर मिथिलीन ब्लू हे निळे औषध. मात्रा किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, शिरेतून, पाच मिनिटांत सावकाश. एक टक्क्याच्या द्रावणात मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असते, म्हणजे आठ किलोच्या बाळाला किलोमागे १ मिलिग्रॅमने ०.८ मिलिलिटर. तासाभरात उतार पडला नाही तर पुन्हा देता येते. एकूण मात्रा किलोमागे ७ मिलिग्रॅमच्या पुढे नेली तर हेच औषध मेथेमोग्लोबिन वाढवते.

औषध दिल्यावर ऑक्सिमीटर एकदम खाली कोसळतो. निळा रंग त्याच्याच तरंगलांबीपाशी प्रकाश शोषतो, म्हणून. बाळ बिघडले असे समजून धावपळ करू नये. लघवी हिरवी-निळी होते, तेही आईला आधी सांगून ठेवलेले बरे.

मिथिलीन ब्लू काम करते ते तांबड्या पेशीतल्या एनएडीपीएच या मदतनीस रेणूच्या जिवावर, आणि ते पुरवते जी-सिक्स-पीडी हे विकर. ज्या बाळात हे विकर जन्मतः कमी आहे त्याला औषध लागू पडत नाही, उलट तांबड्या पेशी फुटतात. भारतात काही समाजांत ही कमतरता बरीच आढळते. म्हणून कुटुंबात औषधानंतर कावीळ किंवा लालभडक लघवी झाल्याचा इतिहास विचारल्याशिवाय हात पुढे करू नये. अशा बाळाला क जीवनसत्त्व शिरेतून देतात, पण ते सावकाश चालते. फारच गंभीर असेल तर रक्त बदलणे.

सरकारी पातळीवर

युरोपने पालकातल्या नायट्रेटला मर्यादा घातलेली आहे: ताज्या पालकात किलोमागे ३५०० मिलिग्रॅम, गोठवलेल्यात २०००, लहान मुलांच्या तयार अन्नात फक्त २००. चार्ड या नियमावलीत नव्हताच. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये लहान मुलांपुरता वेगळा विचार करून सांगितले की एक ते तीन वर्षांच्या मुलाने दिवसातून एकदा पालक खाल्ल्यास काळजीचे कारण दिसत नाही, त्याहून जास्त वेळा खाल्ल्यास खात्री देता येत नाही, आणि आतड्याचा जंतुसंसर्ग असलेल्या मुलाला पालक देऊ नये. स्पेनच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०११ मध्ये सल्ला दिला तो अधिक थेट आहे: वर्षाच्या आत प्युरीत पालक-चार्ड शक्यतो नको; घातलाच तर एकूण प्युरीच्या २० टक्क्यांच्या आत; शिजवलेली भाजी खोलीच्या तापमानाला ठेवू नये; त्याच दिवशी संपणार असेल तर फ्रिज, नाहीतर थेट फ्रीजर. आपण वर घेतलेल्या वाटीत चार्ड ४० टक्के होता. २० टक्क्यांवर आणला की २४० चे १२० होतात.

आपला पालक

आपल्याकडे बाजारात जुडी मिळते तो देशी पालक वनस्पतिशास्त्राने बीटच्या प्रजातीत मोडतो, चार्डचा सख्खा भाऊ. युरोपातला पालक, ज्याला आपण विलायती पालक म्हणतो, ती वेगळी प्रजाती आहे. ‘पुसा पालक’ हे वाण तर स्विस चार्ड आणि देशी पालक यांच्या संकरातूनच काढलेले आहे. त्यामुळे नवारातल्या अभ्यासात चार्डबद्दल जे म्हटले आहे ते परक्या भाजीबद्दलचे म्हणून सोडून देता येत नाही.

शेतात पालकाच्या दर कापणीनंतर युरियाचा हात मारतात, पुन्हा पाने फुटावीत म्हणून. त्यानंतर लगेच चार-सहा दिवसांत कापणी केली, आणि त्यात पावसाळी ढगाळ दिवस किंवा शेडनेटची सावली असली, की नायट्रेट वापरले न जाता पानात राहते. दिवसभर ऊन खाल्लेल्या पिकाची संध्याकाळची कापणी पहाटेच्या कापणीपेक्षा बरी, पण मंडईची गाडी पहाटेच निघते, तेव्हा हा सल्ला कागदावरच राहतो. घरी करता येण्यासारखे सोपे काम म्हणजे देठ काढणे. पानाच्या पात्यापेक्षा देठात आणि मधल्या शिरेत नायट्रेट जास्त असते.

बाळासाठी पालक करायचाच तर तो असा. चिरडलेली, पिवळी पाने बाजूला. देठ कापून टाका. पाने अख्खीच धुवा, धुतल्यावर चिरा, आणि चिरलेली भाजी रात्रभर ठेवू नका. चिरल्यावर पानातलेच विकर कामाला लागते. भरपूर पाण्यात पाच मिनिटे उकळा आणि ते पाणी ओतून द्या. नायट्रेट पाण्यात विरघळते. पाणी किती, वेळ किती यावर फरक पडतो, पण निम्म्याच्या आसपास घट येते. जीवनसत्त्वेही थोडी जातात, आणि घरात ज्येष्ठांना पाणी फेकणे उधळपट्टी वाटेल. बाळापुरते तरी फेकावे. ते पाणी वरणात घातले तर उकडण्याचा उपयोग शून्य. मूगडाळ, भोपळा, बटाटा यांच्या मानाने पालक पाचातला एक भाग ठेवा. मिक्सरचे भांडे वाटण्याआधी उकळत्या पाण्याने खळखळून घ्या, वॉशर काढून.

वाटल्यावर तासाभरात भरवा. उरवायचेच असेल तर वाटीत उष्टा चमचा घालण्याआधी वेगळे काढा. बाळाच्या लाळेत आणि आपल्या लाळेतही नायट्रेटचे नायट्राइट करणारे जिवाणू असतात, उष्टी प्युरी सरळ टाकून द्यावी. वेगळी काढलेली प्युरी पसरट ताटलीत लवकर निववून फ्रिजच्या मागच्या कप्प्यात, त्याच दिवसापुरती. दारातल्या कप्प्यात नको, तिथे तापमान सतत वर-खाली होते. उद्यासाठी हवी असेल तर एका वेळेच्या मापाने बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, आणि काढल्यावर ओट्यावर वितळत न ठेवता थेट पातेल्यात गरम करा. भारनियमन असलेल्या गावात फ्रीजर रोज काही तास बंद राहत असेल तर साठवणीचा नाद सोडावा. सकाळी आठला डब्यात भरून पाळणाघरात दिलेली आणि दुपारी एकला भरवलेली पालक-खिचडी हा महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात सर्वांत काळजीचा प्रकार आहे. डब्यात भोपळा किंवा गाजर द्या, पालक घरी असताना.

गाजर तरी निर्धोक का? पूर्णपणे नाही, शिळ्या गाजररसाने बाळ निळे पडल्याचीही नोंद आहे. पण साठा कमी असल्याने सवड जास्त मिळते.

ज्या घरात विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरतात तिथे पाण्याचा हिशेब यात मिळवावा लागतो. भारतीय मानक लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेटची मर्यादा सांगते, आणि महाराष्ट्रात ती ओलांडणाऱ्या विहिरी पुष्कळ आहेत, विशेषतः गोठ्याजवळच्या आणि शोषखड्ड्याजवळच्या. लिटरला ९० असेल तर दिवसाला अर्धा लिटर पाण्यातून ४५ मिलिग्रॅम गेले, म्हणजे पालकाच्या आधीच त्या आठ किलोच्या बाळाची मर्यादा संपली. पाणी उकळल्याने नायट्रेट कमी होत नाही. वाफ जाते आणि उरलेले पाणी अधिक तीव्र होते.

मोठ्यांनी यातले काहीच मनावर घेण्याचे कारण नाही. साठ किलोच्या माणसाची मर्यादा २२२ मिलिग्रॅम, आणि त्याचे विकर पूर्ण क्षमतेने चालू असते. खाल्लेल्या नायट्रेटचा चौथा हिस्सा लाळेत येतो, जिभेवरचे जिवाणू त्यातल्या थोड्याचे नायट्राइट करतात, त्यातून नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन रक्तवाहिन्या सैलावतात. बीटच्या रसाने रक्तदाब काही अंकांनी उतरतो तो असाच. कर्करोगाशी संबंध जोडला जातो तो नायट्राइट आणि अमाइन्स यांच्यापासून पोटात नायट्रोसामाइन बनण्याच्या परिस्थितीत. पालेभाजीत सोबत क जीवनसत्त्व असते आणि ते ही क्रिया अडवते. नायट्राइट घालून टिकवलेल्या मांसाला पालकाच्या ओळीत बसवणे योग्य नाही. फ्रिजमधली कालची डाळ-पालक गरम करून खाणाऱ्या मोठ्या माणसाला ‘पालक पुन्हा तापवला की विष होतो’ हा मेसेज पाठवू नये.

बाळ निळे दिसलेच तर तालुक्याच्या दवाखान्यात को-ऑक्सिमीटर नसेल आणि मिथिलीन ब्लूची सोय नसेल हे गृहीत धरून चालावे. माशांच्या टाकीसाठी किंवा प्रयोगशाळेसाठी मिळणारे निळे औषध देऊ नये, त्यात जड धातूंची भेसळ असू शकते. ऑक्सिजन लावून जिल्हा रुग्णालयाकडे निघावे आणि निघताना फोनवर कळवावे की मेथेमोग्लोबिनेमियाचा संशय आहे, म्हणजे औषध शोधायला वेळ मिळतो. डॉक्टरांना सांगायचे ते नेमके: प्युरीत कोणती भाजी होती, ती किती वाजता शिजली, कुठे ठेवली, बाळाने किती वाजता किती खाल्ली, पाणी कुठले, दोन दिवसांत जुलाब झाले का. जुलाबाचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण लहान बाळात तीव्र जुलाब आणि रक्तातली आम्लता यांनी भाजीशिवायही मेथेमोग्लोबिन वाढते. दात येताना हिरड्यांना लावलेले बेंझोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे जेल आणि घरात कोणाचे डॅप्सोन (कुष्ठरोगावरचे औषध) चालू आहे का, हेही सांगावे. उरलेली प्युरी घट्ट झाकणाच्या बरणीत, बर्फात घालून बरोबर न्यावी.